एकाच बाजूचा हेडलाइट मंद. बल्ब बदलूनही फरक नाही

निशाचर

मंडळी, जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. हेडलाइट साधे हॅलोजन, एच-४ बल्ब, म्हणजे डिपर (जवळचा, खाली पडणारा झोत) आणि अप्पर (लांबचा झोत) दोन्ही एकाच बल्बात. काही दिवसांपासून डाव्या बाजूचा उजेड उजवीपेक्षा अगदी उघड कमी पडतोय. गाडी भिंतीसमोर उभी केली की उजवीकडे लख्ख आणि डावीकडे मळकट. डिपर असो वा अप्पर, तेच.

आतापर्यंत केलेलं: नवा बल्ब टाकला, काडीचा फरक नाही. फ्यूज शाबूत आहे. बल्बचा कपलर (मागून बसणारा वायरींचा जोड) काढून त्यात मल्टिमीटर लावला तर १२.५ व्होल्ट दाखवतो, म्हणजे करंट व्यवस्थित पोचतोय असं धरून चाललोय. काच बाहेरून स्वच्छ आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो अख्खा हेडलाइटच बदला. बदलायला हरकत नाही, पण बदलूनही हेच राहिलं तर? कुठून सुरुवात करू?

काजवा

सोपा उपाय, दोन्हीकडे एलईडी बल्ब टाका. तेच होल्डर, तेच कपलर, चिमटा लावला की काम झालं. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात अडकून पडायचे दिवस गेले.

नटबोल्ट

निशाचर, अजून काहीही विकत घेऊ नका. आधी तीन गोष्टी सांगा.

एक, डावीकडचा उजेड कमी आहे तो पांढराच पण थोडा आहे, की पिवळट-तांबूस झालाय? हॅलोजनची तार व्होल्टेज कमी पडलं की नुसती मंदावत नाही, तिचा रंगही तांबूस होतो. रंग उजवीसारखाच असेल आणि फक्त उजेड कमी, तर वायरिंगच्या मागे लागू नका. काच, रिफ्लेक्टर किंवा बल्बची बैठक बघा. रंग तांबूस असेल तर तुमचा रिफ्लेक्टर निर्दोष आहे असं समजून वायर धरा. युनिट, म्हणजे अख्खा हेडलाइट, बदलायचं की नाही याचा अर्धा निकाल इथेच लागतो, आणि त्याला डोळ्यांखेरीज काही लागत नाही.

दोन, डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून बघा. मंदपणा बल्बाबरोबर उजवीकडे गेला तर नवा बल्बच खराब निघाला. तसंही होतं. बल्ब गार होऊ द्या आणि काचेला बोटं लावू नका; बोटाचं तेल काचेवर राहिलं की तेवढा भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. लागलीच तर स्पिरिटने पुसून घ्या.

तीन, डाव्या बाजूला आणखी काही विचित्र घडतं का? इंडिकेटर, पार्किंग लाइट, काहीही.

तारतम्य

नटबोल्टकाकांच्या प्रश्नांची उत्तरं येईपर्यंत त्या १२.५ व्होल्टबद्दल बोलतो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात.

कपलर काढून मोजलं तेव्हा त्या वायरीतून करंट वाहतच नव्हता. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. मध्ये कुठे गंजका, अर्धवट टेकलेला जोड असला तरी करंट नाही म्हणजे त्या जोडावर ड्रॉपही (व्होल्टेजची घट) नाही, आणि मीटर खुशाल पूर्ण बॅटरी व्होल्टेज दाखवतो. एका केसाएवढ्या तांब्यावर लटकलेली वायरसुद्धा अशी तपासली तर पास होते. बल्ब पेटला की त्यातून साडेचार-पाच अँपिअर जातात. तेव्हा अर्ध्या ओहमचा जोडही दोन-सव्वादोन व्होल्ट खाऊन टाकतो.

म्हणून मोजायचं ते बल्ब जोडलेला आणि पेटलेला असताना. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथून, बारीक टाचणी आत सरकवून पिनला टेकवा. वायरीचं आवरण भोसकू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी तिथेच हिरवा गंज सापडतो. इंजिन चालू, डिपर चालू, मीटर डीसी व्होल्टवर. पुढचे आकडे घ्या:

बॅटरीच्या दोन टोकांत किती.
बल्बच्या डिपर पिन आणि अर्थ पिनमध्ये (अर्थ म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) किती.
बॅटरीचा प्लस ते बल्बची डिपर पिन किती.
बल्बची अर्थ पिन ते बॅटरीचा मायनस किती.

शेवटच्या तिन्हींची बेरीज पहिल्याइतकी यायला हवी. आली नाही तर टाचणी नीट टेकलेली नाही. प्लसच्या बाजूला अर्धा व्होल्टच्या आसपास जाणं जुन्या गाडीत चालून जातं. अर्थच्या बाजूला ०.२-०.३ च्या वर गेलं की शंका घ्यायची.

ओहममध्ये मोजायच्या फंदात पडू नका. मीटरच्या वायरींचाच रोध काही दशांश ओहम असतो आणि आपला चोरही तेवढाच असतो.

निशाचर

दोघांचे आभार. रंग: आता मुद्दाम बघितलं तर डावा खरंच तांबूस आहे. दोन्ही शेजारी पेटले की फरक कळतो. बल्ब अदलाबदल केले, मंदपणा डावीकडेच राहिला.

आणि हो, तिसऱ्या प्रश्नावरून लक्षात आलं: डावा इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर डावा हेडलाइट किंचित लुकलुकतो. उजवीकडे असं होत नाही. हे मी जुनेपणाच्या खात्यात टाकलं होतं.

नटबोल्ट

मग अर्थ. मीटर लावण्याआधीच सांगतो.

डावा इंडिकेटर, डावा पार्किंग आणि डावा हेडलाइट, बऱ्याच गाड्यांमध्ये या तिघांच्या काळ्या किंवा तपकिरी वायरी एकत्र येऊन बॉडीला एकाच बोल्टखाली जातात. तो जोड ढिला असला की इंडिकेटरचा करंटही त्याच अरुंद दारातून बाहेर पडायला बघतो, तिथला ड्रॉप वाढतो आणि हेडलाइटला तेवढं कमी मिळतं. म्हणून ताल धरतो.

अर्थ पूर्णच तुटली तर याहून मजेशीर प्रकार होतात. एच-४ मध्ये दोन तारांची अर्थ एकच. ती गेली की डिपरचा करंट परतीची वाट शोधत अप्परच्या तारेतून उलटा शिरतो, अप्परच्या लाइनने दुसऱ्या बाजूला जातो. डिपर लावला आणि डॅशबोर्डवर अप्परचा निळा दिवा अंधुक पेटला, असं कुणी सांगितलं तर मी सरळ अर्थचा बोल्ट शोधायला घेतो.

खात्री करायची सोपी रीत: एक जाडशी वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बल्बच्या अर्थ पिनला मागून टेकवा. दिवा एकदम उजळला तर गुन्हेगार सापडला. मात्र पिन ओळखण्यात गल्लत नको. वायरीचं टोक चुकून प्लसच्या पिनला टेकलं तर शॉर्ट होईल. म्हणून त्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज घालूनच हे करा.

चक्रधर

मध्येच घुसतोय. माझ्या गाडीचे दोन्ही दिवे मंद आहेत, आयडलिंगला जास्त, रेस केली की उजळतात. हीच भानगड का?

नटबोल्ट

चक्रधर, दोन्ही सारखेच मंद म्हणजे दोघांना सामाईक असलेलं काहीतरी. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.४ हवेत. आयडलिंगला दिवे, पंखा चालू केल्यावर साडेबाराच्या खाली घसरत असेल तर आल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि बॅटरीचे टर्मिनल बघा. बॅटरीवर चांगलं आणि बल्बवर वाईट असेल, तर जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो; त्या स्विचचे पॉइंट जळलेले असतात.

निशाचर

मोजलं. इंजिन चालू, डिपर चालू.

बॅटरी १४.१.
उजवा बल्ब १३.३. प्लस बाजूला ०.५, अर्थ बाजूला ०.३.
डावा बल्ब १०.९. प्लस बाजूला ०.५, अर्थ बाजूला २.७.

दोन्हीकडे बेरीज जुळते. म्हणजे अर्थच. पण १०.९ आणि १३.३ मध्ये इतका फरक डोळ्यांना दिसावा?

तारतम्य

दिसणारच. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, ढोबळमानाने ३.४ व्या घाताने होतो. १०.९ भागिले १३.३ म्हणजे ०.८२. त्याचा ३.४ वा घात साधारण ०.५१. व्होल्टेज अठरा टक्क्यांनी कमी आणि उजेड जवळजवळ निम्मा. उलट दिशेलाही हेच गणित चालतं, म्हणून व्होल्टेज वाढवलं की उजेड झपाट्याने वाढतो आणि बल्बचं आयुष्य त्याहून झपाट्याने घटतं.

दुसरं, ते २.७ व्होल्ट हवेत जात नाहीत. साडेचार अँपिअर धरले तर त्या जोडावर बारा वॅट उष्णता होते. जोड तापतो, तापला की आणखी काळवंडतो, काळवंडला की रोध वाढतो. हे आपोआप बरं होणारं दुखणं नाही.

आता २.७ चे तुकडे करा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर स्थिर ठेवा, दुसरी एकेक पाऊल पुढे न्या: आधी बोल्टशेजारच्या उघड्या पत्र्यावर, मग वायरीच्या टोकाच्या लगवर (बोल्टखाली आवळलेली धातूची कडी), मग कपलरच्या वायरीवर, शेवटी बल्बच्या पिनवर. आकडा जिथे उडी मारेल तिथे खणा.

निशाचर

सापडलं! पत्र्यापर्यंत ०.१, लगवर एकदम २.५, कपलरपर्यंत तेवढेच आणि बल्बच्या पिनवर २.७. म्हणजे सगळी गडबड लग आणि पत्र्याच्या मध्ये.

बोल्ट काढला तर खाली रंग. मध्यंतरी पुढच्या डाव्या पॅनेलचं डेंटिंग-पेंटिंग झालं होतं, तेव्हा रंगाऱ्याने बोल्टची जागाही रंगवून टाकली आणि वरून लग आवळला. लग टेकत होता तो रंगावर. जो काही करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमधून. आट्यांनाही गंज धरलाय.

आता स्वच्छ कसं करायचं? नुसतं घासून आवळू?

नटबोल्ट

बॅटरीचा मायनस आधी काढा. पत्रा लगच्या आकाराएवढाच घासा, चकचकीत धातू दिसेपर्यंत; उगाच तळहाताएवढा रंग काढू नका. लगची खालची बाजू, बोल्टचे आटे आणि डोक्याची खालची बाजूही घासा. बोल्ट खराब असेल तर नवा घ्या. दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस चोपडा. आधी चोपडून मग आवळणारे बघितलेत. चालतं, पण मला ते पटत नाही. पत्र्याच्या उघड्या कडेला थोडा रंग लावा.

लग वायरीला जिथे चिमटलेला आहे तिथे वायर हिरवी किंवा काळी दिसली तर ती मागे चांगलं तांबं लागेपर्यंत कापून नवा लग चिमटवा. आतून गंजलेल्या वायरीवर कितीही चांगला बोल्ट आवळा, उपयोग नाही.

कपलरच्या पिनवर ०.२ जातायत तेही बघून घ्या. प्लास्टिक तपकिरी पडलंय का? पिन सैल असेल तर होल्डर बदला, तो स्वतंत्र मिळतो.

तारतम्य

एक भर. काही जण अशा वेळी बॉडीचा नाद सोडून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी वायर ओढतात. वाईट नाही, पण नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. वायर टर्मिनलवर जोडली तर तो करंट सेन्सरला चुकवून जातो आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. तिथे सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडायची.

निशाचर

झालं. डावा बल्ब आता १३.३, अर्थ बाजूला ०.२. प्लस बाजूचे ०.५ चे ०.६ झालेत, करंट वाढल्यामुळे असावं. इंडिकेटरच्या तालावर लुकलुकणंही बंद. नवं युनिट वाचलं. नटबोल्टकाका, तारतम्य, मनापासून धन्यवाद.

काजवा

अभिनंदन. पण एवढी खटपट करण्यापेक्षा एलईडी टाकले असते तर त्याच दिवशी उजेड आला असता की नाही?

तारतम्य

आला असता, आणि तोच तर धोका. एलईडी बल्बला कमी करंट लागतो आणि त्याच्या आतला ड्रायव्हर व्होल्टेज कमी आलं तरी सांभाळून घेतो. दिवा उजळ दिसला असता आणि रंगावर टेकलेला लग जागच्या जागी राहिला असता.

शिवाय एच-४ चा रिफ्लेक्टर तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. डिपरच्या तारेखाली छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, म्हणून वर ठरावीक रेषेच्या पुढे प्रकाश जात नाही. एलईडीच्या चिप दोन बाजूंना चपट्या बसवलेल्या, त्यांचा आकार वेगळा, जागाही मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. गाडीसमोर जवळच भरपूर पांढरा उजेड पडतो म्हणून बसणाऱ्याला छान वाटतं, लांबचं कमी दिसतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. कारखान्यातूनच एलईडीसाठी बनलेल्या हेडलाइटची गोष्ट वेगळी. हॅलोजनच्या युनिटमध्ये असे बल्ब टाकायला बऱ्याच देशांत कायद्यानेही मनाई आहे.

नटबोल्ट

आणि १००/९० वॅटचे (अप्पर/डिपर) बल्ब सुचवायला कुणी येण्याआधी सांगून ठेवतो. मूळ वायरिंग ६०/५५ साठी असतं. जास्त वॅटचा बल्ब जास्त करंट ओढतो, त्याच बारीक वायरीत ड्रॉप वाढतो, म्हणजे विकत घेतलेल्या वॅटमधला बराच वाटा वायर गरम करण्यात जातो. होल्डर वितळतात, स्विच जळतात, आणि रिफ्लेक्टरचा मुलामा उष्णतेने काळा पडतो.

पारदर्शी

माझ्याकडे उलट केस. उजेडाचा रंग दोन्हीकडे सारखा, व्होल्टेजही सारखं, पण काच पिवळी-धुरकट. टूथपेस्टने घासली, चमकली, पण पुन्हा तशीच. काय चुकतंय?

नटबोल्ट

ती काच म्हणजे काच नसून पॉलिकार्बोनेट असतं, आणि त्यावर कारखान्यात ऊन सोसणारा थर दिलेला असतो. तो थर उन्हाने खराब झाला की पिवळेपणा येतो. टूथपेस्टने वरचं थोडं निघतं, संरक्षण काही परत येत नाही.

आजूबाजूच्या रंगावर टेप लावा. पाण्याचा पेपर (ओला वापरायचा बारीक पॉलिश पेपर) घ्या, पाणी मारत ८०० नंबरने उरलेला जुना थर पूर्ण काढा, मग १५००, २०००, जमल्यास ३०००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. पुढे पॉलिशिंग कंपाउंड. आणि शेवटी अतिनील किरणं अडवणारा क्लिअर कोट, हा चुकवला तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. ८०० मारल्यावर काच दुधाळ होते तेव्हा घाबरू नका, सगळ्यांचीच होते.

हे झालं बाहेरचं. धुरकटपणा आतून असेल, किंवा रिफ्लेक्टर निस्तेज झाला असेल, तर घासून भागत नाही. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, फडकं फिरवलं तरी निघून येतो. तिथे मात्र युनिट बदलायलाच लागतं.

चक्रधर

माझा निकाल सांगतो. बॅटरीवर १४, दोन्ही बल्बांवर ११.८ च्या आसपास, आणि ड्रॉप सगळा प्लसच्या बाजूला. स्विच उघडला तर पॉइंट काळेकुट्ट. स्विच बदलायचा की रिले टाकायचा?

नटबोल्ट

पॉइंट फारच गेले असतील तर स्विच बदलाच, पण रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) टाका म्हणजे नवा स्विच टिकेल. डिपरला एक, अप्परला एक. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर, अडीच चौरस मिलिमीटरची, आणि तिच्यात बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून दोन्ही बल्बांना. ८६ ला जुन्या होल्डरवर येणारी वायर, ८५ अर्थला. स्विचमधून मग फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो. डिपर-अप्परचे फ्यूज वेगळे ठेवा, एक उडाला तरी रस्त्यात अंधार नको.

तारतम्य

फक्त हे जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीत. नव्या गाड्यांत हेडलाइटला कंट्रोल युनिटमधून तुकड्यातुकड्याने, चालू-बंद करत वीज दिली जाते. तिथे साधा मीटर सरासरी दाखवून फसवतो, रिले घरघरतो आणि डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना येते. तुमची गाडी स्विचमधून थेट करंट नेते, म्हणजे प्रश्न नाही.

चक्रधर

रिले बसले, बल्बवर १३.५ मिळतात, उजेड भरपूर. पण समोरून येणारे आता मला डिपर देतात. जास्त झाला का?

नटबोल्ट

उजेड जास्त नाही, रोख वर असेल. आधी कमी उजेडामुळे कुणाला खुपत नव्हता इतकंच. टायरची हवा बरोबर करा, डिकी रिकामी करा, डॅशबोर्डवर हेडलाइटचा रोख वर-खाली करायचं चाक असेल तर शून्यावर ठेवा. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. बल्बचा मध्य जमिनीपासून जितका उंच, त्याच्यापेक्षा डिपरची वरची कड भिंतीवर साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. युनिटवर १ किंवा १.३ टक्के असं छापलेलं असेल तर तो आकडा धरा; १.३ म्हणजे १० मीटरवर १३ सेंटिमीटर.

पण स्क्रूला हात लावण्याआधी बल्ब काढून परत बसवा. एच-४ ला तीन कान असतात आणि त्यांच्यामुळे तो एकाच स्थितीत नीट बसतो. वायरिंग करताना घाईत तिरका बसला आणि वरून चिमटा दाबला गेला, तर कड कितीही स्क्रू फिरवले तरी सरळ येत नाही.